रक्त माझं, हिरडी माझी, मग पैसे कशाचे?

मंडळी, आपल्याकडे प्लेटलेट म्हटलं की डेंग्यू आठवतो. पावसाळा सरत आला की आमच्या भुसावळात तोच विषय. कुणाच्या किती हजारांवर आल्या, पपईच्या पानांचा रस दिला का, वगैरे वगैरे. पण गेल्या काही वर्षांत याच प्लेटलेट दाताच्या दवाखान्यातही पोचल्या आहेत, आणि मावशीमुळे मला त्या विषयात डोकं घालावं लागलं.

मावशीला मधुमेह आहे. रोज सकाळी मिश्री लावायची सवय तर त्याहून जुनी (हिलाच मशेरीही म्हणतात). हिरड्यांतून रक्त येतं, दोन दाढा हलतात. दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशन नको, हिरडीखालची सफाई करू आणि वर तुमच्याच रक्तातून काढलेलं पीआरएफ सुईने भरू. पीआरएफचे पैसे सफाईपेक्षा जास्त. मावशीने फोनवर विचारलं, "भाऊ, रक्त माझं, हिरडी माझी, मग पैसे कशाचे?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी दंतवैद्य नाही, साधा सॉफ्टवेअरवाला आहे. पण "हे फीचर खरंच लागतं का?" असं विचारण्याचाच मला पगार मिळतो :) म्हणून एक शनिवार-रविवार त्यावर घालवला.

आधी पैसे कशाचे ते बघू. हातातून नळीभर रक्त काढतात. ते गोठू नये म्हणून एरवी जे औषध घालतात, ते इथे घालत नाहीत. त्यामुळे सगळी घाई. नळी लगेच, मिनिट-दोन मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये गेली पाहिजे. दहा-बारा मिनिटं गरगर फिरवल्यावर तळाला तांबड्या पेशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि मधे फायब्रिनची जेली तयार होते. प्लेटलेट या जेलीत अडकतात आणि जखम भरायला मदत करणारी प्रथिनं हळूहळू सोडतात. फ्रान्सच्या डॉ. जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. वेग आणि वेळ कमी ठेवला तर ती काही मिनिटं पातळ राहते, म्हणजे सुईने भरता येते. मावशीला सांगितलं होतं ते हेच.

मग हे चालतं का? तर इथे एक मराठी आडनाव भेटतं. २०११ मध्ये बंगळुरूच्या शासकीय दंत महाविद्यालयातून थोरात, प्रदीप आणि पल्लवी यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. दाताच्या मुळाशेजारी हाडात खड्डा पडलेल्या ३२ जागा. काहींत ऑपरेशन करून नुसती सफाई, काहींत त्याच ऑपरेशनमध्ये पीआरएफही. नऊ महिन्यांनी पीआरएफवाले खड्डे सरासरी सुमारे ४७ टक्के भरले, बाकीचे सुमारे २९ टक्के. फरक चांगलाच आहे.

पण त्यातला "ऑपरेशन" हा शब्द सुटू देऊ नका. तिथे हिरडी उघडलेली असते, खड्डा डोळ्यांना दिसत असतो, जेली धरून ठेवायला हाडाच्या भिंती असतात आणि वरून टाके घालतात. ऑपरेशनशिवायच्या उपचारात यातलं काहीच नसतं. हिरडी आणि दात यांच्यामधल्या अरुंद फटीत अंदाजाने काम करायचं. तिथून रक्त आणि स्राव सतत बाहेर येत असतो, त्यात भरलेलं पीआरएफ किती टिकणार? शिवाय सफाई झाली की त्या फटीत आपसूक रक्ताची गुठळी धरतेच. म्हणजे साधी आवृत्ती शरीर फुकटात देतं. प्रश्न एवढाच की महागडी आवृत्ती त्याहून किती जास्त देते.

यावरही चाचण्या झाल्या आहेत. बऱ्याच अर्ध्या तोंडाच्या, म्हणजे एकाच माणसाच्या एका बाजूला सफाई आणि दुसऱ्या बाजूला सफाई अधिक पीआरएफ. आमच्या भाषेत ए-बी टेस्टिंग. कल्पना झकास आहे, पण माणसं थोडी, काळ काही महिन्यांचा, आणि मशीनचा वेग प्रत्येकाचा वेगळा. निकालही दोन्हीकडे झुकणारे. काहींत थोडा जास्त फायदा, काहींत काहीच फरक नाही. ऑपरेशनमधले आकडे दाखवून ऑपरेशनशिवायचं पीआरएफ विकणं म्हणजे एका सर्व्हरवर टेस्ट करून दुसऱ्यावर चालेल अशी हमी देणं.

उलट नुसत्या सफाईचं बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सहा ते आठ महिन्यांत फटींची खोली सरासरी १.७ मिलिमीटरने कमी झाली आणि सुमारे ७४ टक्के फटी बंद झाल्या. मधुमेह्यांना तर बोनस. हिरड्यांचा उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सुमारे ०.४ ने उतरतं, असं २०२२ चा कॉक्रेन आढावा सांगतो. आणि आपल्याकडे अजूनही ऐकायला मिळतं की सफाईने दात हलायला लागतात! अहो, हाड आधीच गेलेलं असतं. दगडासारखं कीटण दातांना धरून ठेवत होतं, ते काढल्यावर खरी परिस्थिती कळते इतकंच.

डॉक्टर लुबाडतात असं मी म्हणत नाही. रक्त आपलंच असल्यामुळे दुसऱ्याचा रोग लागायची भीती नाही, आणि खोल खड्ड्यासाठी ऑपरेशन करायची वेळ आली तर पीआरएफचे पैसे मी स्वतः देईन. पण ऑपरेशन नसेल तर माझं मत असं की पैसे आधी सफाईवर, दातांच्या फटीत जाणाऱ्या छोट्या ब्रशवर आणि तीन महिन्यांनंतरच्या फेरतपासणीवर घालवावेत. ही फेरतपासणी आपण हमखास चुकवतो.

आणि तंबाखू. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू वापरत होते. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोण बंदी घालणार? पाठीमागे रोज तंबाखू चोळायचा आणि पुढून प्लेटलेट भरायच्या, हे म्हणजे फुटक्या माठाला चांदीचं झाकण.

तेव्हा तुमच्या घरी कुणाला पीआरएफ सुचवलं तर तीन प्रश्न जरूर विचारा. फटी किती मिलिमीटर खोल आहेत? (तीनपर्यंत ठीक असतं.) पीआरएफ ऑपरेशनमध्ये की त्याशिवाय? आणि नुसती सफाई करून थांबलं तर काय बिघडेल? शंका वाटली तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथल्या हिरड्यांच्या विभागात दाखवून घ्या. बाकी आधी सफाई, मग तीन महिने धीर, आणि पुन्हा मोजून मग निर्णय. रक्त काय, तेव्हाही आपलंच असणार आहे.