मोर्णेपासून समुद्रापर्यंत

वऱ्हाडाला किनारा नाही, म्हणून आपल्या सांडपाण्याचा समुद्राशी संबंध नाही, असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही. अकोल्याची मोर्णा आणि अमरावती जिल्ह्यातली पेढी पूर्णेला मिळतात. पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. वाटेत खारपाणपट्टा लागतो. तिथे विहिरींचे पाणी खारे, म्हणून नदीचे पाणी अधिकच मोलाचे. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकरांनी मोर्णेतली जलकुंभी उपसली; ‘मन की बात’मध्येही त्याची दखल घेतली गेली. पण जलकुंभी सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावरच पोसते. नाले प्रक्रियेविना नदीत सुटले, तर ती पुन्हा माजणारच. तेव्हा महापालिकेच्या अंदाजपत्रकात रस्त्यांआधी सांडपाणी प्रक्रियेचा हिशेब मागा. मत मागायला येणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा.