कुठला नाग?

दिल्लीतील हिंदूराव हा परिसर ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हिंदूराव घाटगे मूळचे कागलच्या घराण्यातील. नाग तेथील टेकडीवरच्या झाडीतही आढळतो आणि कागलच्या उसातही. सरकारी कागदावर दोन्ही एकच. ही समजूत चुकीची आहे व तिची किंमत शेतात राबणारा माणूस मोजतो, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

विष हे सापाचे शिकारीचे साधन. ते माणसासाठी घडलेले नाही. ते तयार करण्यास शरीराला खर्च येतो, आणि ज्या खर्चातून परतावा नाही तो निसर्गात फार काळ टिकत नाही. सागरी सापांची एक जात माशांच्या अंड्यांवर जगू लागली आणि तिच्या विषग्रंथी आक्रसल्या. आपल्या कोकणातले फुरसे विंचवांवर ताव मारते. फुरशाच्या कुळातील ज्या जाती असे भक्ष्य खातात त्यांचे विष विंचवावर अधिक प्रभावी ठरते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. घोणशीच्या विषातील प्रादेशिक फरकाचा संबंध तापमान व पर्जन्याशीही आहे, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२५ मध्ये दाखविले. कारण आहार असो वा हवामान, निष्कर्ष एकच : विष स्थानिक असते.

आता आपली व्यवस्था पाहा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांचे विष घोड्यांना टोचून देशभरासाठी एकच प्रतिविष तयार होते. त्यासाठीचे विष दीर्घकाळ बहुतांशी चेन्नईजवळच्या इरुळा सहकारी संस्थेतून येत आले आहे. इरुळांचे कौशल्य वादातीत आहे. दोष एकाच प्रदेशावर विसंबणाऱ्या धोरणाचा आहे. एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करावे, असे आपली औषधसंहिता सांगते. पण कुठल्या नागाचे? भारतीय प्रतिविष काही प्रदेशांतील व काही जातींच्या सापांपुढे तोकडे पडते, हे २०१९ मध्येच प्रयोगांनी दाखविले होते.

यावर आक्षेप ठरलेला : प्रांतोप्रांती वेगळे औषध परवडणार नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी तो हसण्यावारी नेत नाही. परंतु पहिली पायरी वेगळ्या औषधाची नाहीच. घोड्यांना टोचावयाच्या मिश्रणात निरनिराळ्या प्रदेशांतील विषे घ्यावीत, त्यासाठी प्रादेशिक विषसंकलन केंद्रे उभारावीत. शिवाय, ज्या कुपीचा परिणाम अपुरा तिच्या दुप्पट कुप्या द्याव्या लागत असतील, तर निविदेतील सर्वांत कमी दर हा खरोखर कमी कसा?

२००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने देशात सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्राच्या २०२४ च्या कृती आराखड्यात आहे. ते गाठावयाचे असेल, तर प्रत्येक राज्याने खरेदीच्या अटींत एक वाक्य घालावे : प्रतिविषाची चाचणी आमच्या राज्यातील सापांच्या विषावर झालेली असावी.