हात न लावायचं खेळणं

मागच्या डिसेंबरात अमेरिकेला लेकीकडे होते. तिथे 'एल्फ ऑन द शेल्फ'शी ओळख झाली. लाल कपड्यातला हा बाहुला म्हणजे सांताचा हेर. कॅरल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चँडा बेल यांनी २००५ साली पुस्तकासोबत तो बाजारात आणला. दिवसभर मुलांवर नजर ठेवायची, रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला चहाड्या सांगायच्या, सकाळी घरात नव्या जागी बसायचं. मुलांनी हात लावला की जादू खलास! अहो, मग हे खेळणं कसलं?

जागा अर्थातच दमलेले आईबाप बदलतात. रात्री अकरा वाजता आमचे जावई ओट्यावर पीठ पसरून एल्फला त्यात लोळवत होते. सकाळी नात खिदळली, मीही हसले. खोडीला माझी ना नाही. पण तासाभरात तिच्या हातून दूध सांडलं, तर लेक म्हणते, "एल्फ बघतोय हं!" पीठ सांडणारा साहेब, आणि नाव हिचं जाणार?

मीही वर्गात मॉनिटरला फळ्यावर नावं लिहायला लावायचे. मॉनिटर वळला की पोरं पुन्हा सुरू. निदान तास संपला की फळा पुसला तरी जायचा!

एल्फ ठेवा, त्याची हेरगिरी काढून टाका. रात्री मुलांनीच त्याला लपवावं, सकाळी आईबापांनी शोधावं. तुमचे कष्टही वाचतील. परवा फोनवर लेकीला हेच सांगितलं.

"आई, अगं नियम मोडतो ना मग."

मोडू दे की!