गाडी कोणाच्या नावावर?



पणदऱ्याहून एका ताईंचे पत्र आले आहे. वहीच्या फाडलेल्या कागदावर लिहिलेले, पण प्रश्न मोठा आहे. त्या लिहितात : "माझा धाकटा मुलगा पुण्यात मोटारसायकलवरून घरोघर पार्सल पोचवतो. आता त्याला बॅटरीवर चालणारी तीन चाकी मालगाडी भाड्याने देतो म्हणतात. पेट्रोलचा खर्च वाचेल असे तो म्हणतो. मला मात्र भीती वाटते. दुसरे असे, की मुलगा लोकांच्या दारात सामान नेऊन देतो, पण त्याने माझ्यासाठी पाठवलेले औषधाचे पार्सल आमच्या वस्तीत येत नाही. 'स्टँडवर या' असा फोन येतो. गुडघे दुखतात तरी जावे लागते. आम्ही काय करावे?"

ताई, तुमचा पहिला प्रश्न आधी घेतो आणि दुसऱ्याकडे शेवटी येतो. दोन्ही प्रश्न एकाच घरातले आहेत, हे तुमच्याही ध्यानात येईल.

बॅटरीच्या गाडीला भिऊ नका. तिच्यावरचे काम तुमच्या शेजारीच झाले आहे. नीरा नदी ओलांडली की फलटण तालुका लागतो. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. १९६८ साली ती स्थापन झाली. तेथे अमेरिकेत शिकून आलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ पासून काम करू लागले. या संस्थेने नव्वदच्या दशकात सायकल रिक्षा हाती घेतली. सायकल रिक्षा ओढणाऱ्याची छाती फुटू नये, हा त्यामागचा विचार. एका नमुन्यात गिअर आणि चांगले ब्रेक बसवले. दुसऱ्यात चढावर मदत करणारी मोटर लावली. तिसरी गाडी पूर्ण बॅटरीवर चालणारी, तिचे नाव 'एलेक्शा'. डॉ. राजवंशी यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

पण रस्त्यावर आली ती वेगळीच गाडी. २०१० नंतर दिल्लीत चीनहून आलेल्या सुट्या भागांच्या ई-रिक्षा हजारोंनी धावू लागल्या. ना नोंदणी, ना परवाना, ना विमा. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या आणि कर्ज काढून गाडी घेतलेल्या गरिबांच्या चुलीवर संकट आले. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने नियम केले आणि २०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. सामान वाहणाऱ्या अशा तीन चाकी गाडीला कायद्यात 'ई-कार्ट' म्हणतात. तिची मोटर ४००० वॅटपेक्षा मोठी नसावी, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि माल ३१० किलोपर्यंत. तिला नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, चाचणीत मान्य झालेली दुचाकी मात्र मोटार वाहनात धरली जात नाही. तिला परवाना लागत नाही. तेव्हा मुलाला विचारा, तुझी गाडी यातली कोणती? कागद नसलेली गाडी पोलिसांनी अडवली, तर त्या दिवसाची मजुरीही गेली आणि गाडीही गेली.

आता भाड्याचा मुद्दा. त्यासाठी तुम्हाला माथेरानला नेतो. माथेरानच्या डोंगरावर मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यापासून पुढे पर्यटक आणि माल नेण्यासाठी घोडे, हातरिक्षा आणि माणसाची पाठ. माणसाने माणसाला ओढायचे, एकाने पुढून ओढायचे आणि बाकीच्यांनी मागून ढकलायचे. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या गाड्या धावल्या. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. या गाड्या कोणाच्या हाती? ज्याने उभा जन्म रिक्षा ओढली त्याच्या, की दुसऱ्याच कोणाच्या? जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने बजावले, की ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्या, कारण रोजगार त्यांचा बुडतो आहे. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असे खंडपीठाने म्हटले. खऱ्या रिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने द्याव्यात, उरलेल्या माथेरानमधील आदिवासी महिलांना आणि इतरांना द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारने सांगू नये, असेही सांगितले.

यातला धडा असा. बॅटरी पाठीवरचे ओझे उतरवते, पण मानेवरचे जू आपोआप उतरत नाही. ते उतरायचे तर गाडीवर हक्क कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे.

हा धडा आपल्या समाजाला नवा नाही. गावगाड्यात सांगावा पोचवणे हे काम महाराच्याच माथी होते. मयताची खबर परगावी न्यायची, सरकारी कागद न्यायचा, वसुलाच्या रकमेसोबत तालुक्याला जायचे. रात्र असो की पाऊस, हाक आली की निघायचे. बदल्यात बलुते आणि वतनाचा तुकडा. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. वतनदार घरी नसला तर त्याच्या घरच्यांना कामाला धरत, हे त्यांनी तेथे सांगितले. वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. आज हाक फोनवर येते. मुलगा जेवायला बसला की फोन वाजतो आणि तो उठतो. ही वेठ नव्हे, तो मजुरी घेतो, हे खरे. पण कामाला वेळ नाही, आजारपणाला पैसा नाही, गाडी आपली नाही, एवढे सगळे जुळले की जुन्या वाटेचा वास येऊ लागतो.

तेव्हा ताई, मुलाने गाडीला नाही म्हणू नये. भाड्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. नोंदणी आणि विमा कोणाच्या नावावर? बॅटरी खराब झाली तर खर्च कोणाचा? आजारी पडल्यास त्या दिवसांचे भाडे द्यायचे का? अपघात झाला तर दवाखान्याचे काय? आणि ठरावीक हप्ते भरल्यावर गाडी त्याच्या नावावर होणार का? उत्तरे तोंडी नकोत, लेखी घ्यावीत.

हिशेब घरीच मांडता येतो. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या असतील तर त्यात ४.८ युनिट वीज मावते. चार्ज करताना थोडी वाया जाते, म्हणून ६ युनिट धरा. आपल्या वीजबिलातला दर घेऊन सहाने गुणा, तो एका चार्जिंगचा खर्च. पेट्रोलपुढे तो थोडाच दिसेल. पण खरा खर्च बॅटरीचा. ॲसिडची बॅटरी रोज राबवली की साधारण वर्ष-दीड वर्षात थकते. लिथियमची महाग, पण जास्त वर्षे टिकते. म्हणून वाचलेल्या पेट्रोलच्या पैशातून दर आठवड्याला काही रक्कम बॅटरीच्या नावाने बाजूला टाकावी. आणि आयाबहिणींनो, झोपायच्या खोलीत किंवा दाराची वाट अडवून बॅटरी चार्जिंगला लावू देऊ नका.

गाडी स्वतःची करायची असेल तर आपल्याला वाटा आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ सालापासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन कोणती कर्जयोजना चालू आहे ते विचारावे. मुलाने ई-श्रम नोंदणीही करावी, ती फुकट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. फोनवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम अशा कामगारांच्या निधीत भरावी, अशी तिच्यात तरतूद आहे. नाव नोंदलेले नसेल तर उद्या हक्क मागायचा कशावर?

आता तुमचे स्टँड. पार्सल वस्तीत का येत नाही? पुष्कळदा पत्ताच धड नसतो. कुठे कागदावर अजून जुने जातीचे नाव असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आहे. आपल्या वस्तीचे नाव तपासा. बदल झाला नसेल तर ग्रामपंचायतीत सह्यांचा अर्ज द्या. नावाची पाटी लावा, घरांना नंबर घाला, तोच पत्ता आधारवर घाला. घरपोच म्हणजे घरापर्यंत, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. गॅसचेच पाहा. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि लोखंड धरून एकूण सुमारे ३० किलो वजन. घरपोच आणण्याचा खर्च त्याच्या किमतीत धरलेला असतो. तरी आपल्या किती बाया तो कमरेवर घेऊन येतात!

आणि एक गोष्ट सुचवतो. वस्तीतल्या बचत गटाने मिळून एक ई-कार्ट घेतली तर? स्टँडवरून औषधे, किराणा, पार्सल वस्तीत येतील. वस्तीतले शिवणकाम, भाजी, अंडी बाजाराला जातील. चालवायला आपलीच मुलगी किंवा मुलगा, आणि गाडी गटाच्या नावावर. पुण्याला गेलेल्या पोराला परत यावेसे वाटले, तर गावात काम असेल.

ताई, गुडघ्याला जपा. अर्ज लिहायला कोणी नसेल तर आम्हाला कळवा, मजकूर पाठवू. पण सह्या मात्र सगळ्या वस्तीच्या हव्यात.

जयभीम!