किनाऱ्याचा तट डोंगरात

दि. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि त्यांत थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरीचाही समावेश झाला, याचा आम्हांस आनंदच आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदीस आरंभ करविला, तेव्हा मुंबईकर इंग्रज व सिद्दी या दोघांचीही आरमारे चालून आली. तरी मराठ्यांनी हातचे बेट सोडले नाही. हा मान योग्यच होय.

परंतु या मानाबरोबर एक जुना गैरसमज मात्र दृढ होऊ पाहत आहे. किनाऱ्याचे रक्षण म्हणजे जलदुर्ग, असे आम्ही सुशिक्षितही मानून चाललो आहो. खांदेरी-कुलाब्यास इतिहासासाठी जावे, आणि कर्जत-खालापुरास केवळ पाऊस व धबधबे पाहण्यासाठी, अशी आमच्या सहलींची वाटणी झाली आहे. ही वाटणी इतिहासास धरून नाही.

१६६१ च्या फेब्रुवारीत काय घडले ते पाहावे. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाइस्तेखानाने कारतलबखानास कोकण काबीज करण्यास धाडले. लोहगडाच्या बाजूने सह्याद्री उतरून ही फौज आजच्या खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत शिरली. वाट अरुंद, दोन्ही अंगांस निबिड अरण्य, आणि त्यात दबा धरून बसलेले मराठे. कोंडी झाल्यावर रायबागनने खानास शरण जाण्याचा सल्ला दिला. सारे सामानसुमान टाकून त्याने जीव वाचविला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने आला आहे. येथे तट नव्हता, बुरूज नव्हता. परंतु येथून वाहणारी अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीस मिळते, हे ध्यानी घेतले म्हणजे खान कोणत्या दाराशी अडविला गेला ते उमगते. बंदराला समुद्राकडे जसे तोंड असते, तशी घाटाकडे पाठही असते. खांदेरीला वेढा पडला तेव्हा तिची रसदही किनाऱ्यावरूनच होड्यांनी जात होती. तो किनारा घाटाकडून शत्रूच्या हाती गेला असता, तर त्या होड्या कोठून सुटल्या असत्या?

कर्जतकडील कोथळीगडाची कथाही अशीच. पेठ गावावरचा हा सुळका, ज्याच्या पोटातून पायऱ्या कोरून वर नेल्या आहेत, तो संभाजी महाराजांच्या काळी, १६८४ साली, मोगलांनी घेतला. समुद्रापासून इतक्या दूरचा हा सुळका निरुपयोगी असता, तर बादशाही सरदारांनी त्यासाठी श्रम कशास घेतले असते?

कोणी म्हणेल, उंबरखिंडीत जतन करावयाचे आहे तरी काय? तेथे स्मारक तर उभे आहेच! आमचे उत्तर असे की, तेथील रान हाच तट आणि ती अरुंद वाट हाच दरवाजा होता. खांदेरीचा एक चिरा ढासळला तर आम्ही हळहळतो. पण कर्जत-खालापुरात बंगल्यांच्या भूखंडांसाठी डोंगर खणले जातात, झाडे तोडली जातात, तेव्हा त्यास ‘विकास’ म्हणतो. स्मारकाभोवतीचे रान असेच गेले, तर स्मारक तेवढे उरेल आणि दुर्ग नाहीसा होईल.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, वारशाची मोजदाद केवळ चिऱ्यांवरून न करता भूमीवरूनही व्हावी. उंबरखिंडीचे रान जागच्या जागी राखावे, कोथळीगडासारख्या घाटावरील गडांचीही खांदेरीइतकीच काळजी वाहावी, आणि मुलांना खांदेरी दाखविणाऱ्यांनी पुढच्या खेपेस त्यांना या खिंडीतही उभे करावे.