गाडी ॲव्हरेज किती देते?

नागपुरात एखाद्याच्या दारात नवी गाडी आली म्हणजे हार, नारळ आणि पेढे यांच्या मागोमाग एक प्रश्न येतोच. शेजारचे काका गाडीभोवती एक फेरी मारतात, दार उघडून पुन्हा लावून पाहतात आणि विचारतात, “का हो भाऊ, ॲव्हरेज किती देते?” मित्र असला तर आडपडदा न ठेवता म्हणतो, “काहून बे, किती देते?” १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हापासून छोट्या गाडीच्या नशिबी हा प्रश्न लिहिलेला आहे. मोठ्या, आलिशान गाडीच्या मालकाला तो कोणी विचारीत नाही. ज्याला पेट्रोल परवडते त्याची गाडी किती पिते, याची चौकशी जग करीत नसते.

प्रश्न रास्त आहे. माझी तक्रार आहे ती उत्तराबद्दल. उत्तर देणारा बहुधा कंपनीने छापलेला आकडा सांगतो, किंवा त्यातून एक-दोन वजा करून आपण फार प्रामाणिक असल्याचे समाधान मिळवतो. कंपनीचा आकडा खोटा असतो असे मला म्हणायचे नाही. तो खराच असतो, परंतु तो आपला नसतो. आपला आकडा आपल्याला कोणी दिलेला नाही, आणि आपणही तो कधी मोजलेला नाही.

ही केवळ गप्पांची बाब असती तर मी वार्षिकांकाची पाने अडवली नसती. आमच्या वर्गातील एका मित्राच्या वडिलांची नोकरी सुटली. त्यांनी कर्ज काढून एक छोटी पेट्रोल गाडी घेतली आणि ती भाड्याने चालवू लागले. घेण्यापूर्वी घरात बसून हिशेब झाला होता. महिन्याला २५०० किलोमीटर, लिटरला २२ किलोमीटर, म्हणजे साधारण ११४ लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी ११,४०० रुपये. गाडीने प्रत्यक्षात दिले १५. म्हणजे १६७ लिटर आणि १६,७०० रुपये. फरक महिन्याला ५,३०० रुपयांचा! हप्त्याचा मोठा भाग या फरकातच विरघळला. मित्राने पहाटेच्या शिकवण्या धरल्या आणि पहिल्या तासाला त्याची जागा रिकामी राहू लागली. कागदावरच्या २२ आणि रस्त्यावरच्या १५ या दोन आकड्यांमधली ही रिकामी जागा आहे.

हा २२ येतो कोठून? आपल्या देशात गाड्यांची अशी चाचणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्था प्रमुख आहे. १९६६ साली ती स्थापन झाली. तेथे गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके मोठ्या रुळांवर फिरतात आणि ती जागच्या जागी उभी असते. समोरून पंखा वारा घालतो. हवेचा आणि रस्त्याचा विरोध रुळांवर भार घालून निर्माण केला जातो. चालक समोरच्या पडद्यावरील रेषेप्रमाणे वेग वाढवतो आणि कमी करतो. ही सारी परीक्षा सुमारे २० मिनिटांची आणि साडेदहा किलोमीटरची. सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर. खोलीचे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान आणि एसी बंद. धुरातील कार्बन मोजून किती इंधन जळले ते काढतात.

ही पद्धत वाईट नाही. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकच प्रश्नपत्रिका द्यायला हवी, यात शंका नाही. परंतु प्रश्नपत्रिकेतील गुण म्हणजे आयुष्यातील यश नव्हे, हे आम्हा विद्यार्थ्यांना कोणी सांगायला नको. चाचणीतली गाडी म्हणजे परीक्षेतला विद्यार्थी. अभ्यासक्रम ठरलेला, वेळ ठरलेली, आणि अवघड प्रश्न बहुतेक वगळलेले.

आता ही गाडी नागपुरात आणा. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश तापमान पाहिले आहे. उन्हाळ्यात ४५ अंश हा आम्हाला धक्का नव्हे, नेहमीचा पाहुणा आहे. उन्हात दोन तास उभ्या असलेल्या गाडीत एसी लावल्याशिवाय बसणे म्हणजे भट्टीत बसणे. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच फिरवते. मोठ्या इंजिनाला त्याचे फारसे ओझे वाटत नाही, पण हजार सीसीच्या इंजिनाला ते चांगलेच जाणवते. धरमपेठेतून सीताबर्डीला जाताना सिग्नलवर उभे राहावे लागते आणि एसी चालूच असतो. उभ्या गाडीचे ॲव्हरेज शून्य असते, हे आपण लक्षातच घेत नाही.

शहराबाहेर पडावे तर समृद्धी महामार्ग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि २०२५ साली ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग पुरा झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि मुभा मिळाली की आपण ती पुरेपूर वापरतो. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलो म्हणजे वेग होतो दीडपट आणि विरोध होतो सव्वादोनपट. ज्या गाडीने ९० च्या पुढची परीक्षाच दिलेली नाही, तिच्या परीक्षेतील गुण १२० च्या वेगाला कसे लागू पडावेत?

गेल्या वर्षभर मी आमच्या घरच्या गाडीची वही ठेवली. रीत सोपी आहे. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि किलोमीटरचा आकडा टिपायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरायची आणि झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचे. कंपनीचा आकडा २२. मे महिन्यात शहरात, एसीसह, गाडीने दिले १३.४. जानेवारीत त्याच रस्त्यांवर एसीशिवाय १६.८. चौघे बसून समृद्धीवरून शिर्डीला गेलो, वेग ११० ते १२०, तेव्हा १५.१. आणि डिसेंबरच्या थंडीत एसी बंद ठेवून, ताशी ६५ च्या संथ वेगाने वर्धेला जाऊन आलो तेव्हा चक्क २२.६! कंपनीचा आकडा खोटा नाही असे मी वर म्हटले ते या वर्धेच्या फेरीच्या आधारावर. गाडी तीच आणि चालवणारे बाबाही तेच. फक्त नागपूरकर रोज वर्धेला जात नाहीत, आणि नागपुरात बारा महिने डिसेंबर नसतो.

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले तेव्हा सारे शहर हादरले होते. यंत्रात बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. आकडा ऐकला की आधी तो कोठे आणि कसा मोजला हे विचारावे, एवढे तरी त्या दिवशी आपण शिकायला हवे होते.

आता पेट्रोलकडे वळू. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. या धोरणाचे ठाम पुरस्कर्ते नितीन गडकरी २०१४ पासून आपल्याच नागपूरचे खासदार आहेत. आयात तेलाचा खर्च कमी व्हावा आणि ऊस-मका पिकवणाऱ्याच्या हाती चार पैसे यावेत, हा हेतू चांगला आहे. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या बांधणीच्या चारचाकी गाड्यांना या मिश्रणामुळे ६ ते ७ टक्के आणि त्यासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के घट येईल असा अंदाज दिला आहे. लिटरला १५ देणाऱ्या जुन्या गाडीचे यात एक किलोमीटर गेले. ही घट सोसायला माझी हरकत नाही. ती पंपावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायला मात्र कोणाची हरकत असू नये.

इतर देशांनी या प्रश्नाचे काय केले? १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत १९७५ चा कायदा झाला आणि नव्या गाडीवर इंधनाच्या आकड्याची चिठ्ठी लावणे बंधनकारक झाले. लोकांना रस्त्यावर तो आकडा मिळेना. तेव्हा १९८५ च्या गाड्यांपासून तेथील सरकारने शहरी आकड्यातून १० टक्के आणि महामार्गाच्या आकड्यातून २२ टक्के कापूनच छापायला लावले. २००८ च्या गाड्यांपासून वेगवान गाडी, चालू एसी आणि कडाक्याची थंडी यांच्याही चाचण्या धरल्या. उलट जपानसारख्या शिस्तीच्या देशातही २०१६ साली मित्सुबिशी कंपनीला छोट्या गाड्यांच्या आकड्यांत फेरफार केल्याची कबुली द्यावी लागली. आपल्याकडे केरळातील त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने २०२२ साली एका ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश दिला. जाहिरातीत ३२ चे आश्वासन होते आणि तज्ज्ञाने मोजले तेव्हा १९.६ भरले. तेव्हा दाद मागता येते. पण दाद मागायला हाती मोजमाप लागते.

आणि येथेच आपले, म्हणजे ग्राहकांचे, चुकते. आपण मोजत नाही, आणि मोजले तर खरे सांगत नाही. गाडीचे ॲव्हरेज कमी निघाले म्हणजे आपली निवड चुकली असे जग म्हणेल, या भीतीने झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवतो. एकदा वर्धेच्या रस्त्यावर २२ मिळाले की तेच जन्मभर सांगतो. गंमत अशी की ‘ॲव्हरेज’ या शब्दाचा अर्थच सरासरी! आपण मात्र त्याचा अर्थ केला आहे सर्वोत्तम. मित्राच्या वडिलांनी गाडी घेण्यापूर्वी तीन ओळखीच्यांना विचारले होते. तिघांनीही २० च्या वरचा आकडा सांगितला होता. छापील आकड्याने त्यांची जेवढी फसगत केली, तेवढीच या तीन मोठेपणांनी केली.

किलोमीटरचा हिशेबही आपली दिशाभूल करतो. २० देणारी गाडी सोडून २५ देणारी घेतली तर हजार किलोमीटरला १० लिटर वाचतात. १२ वरून १५ वर आले तर जवळजवळ १७ लिटर वाचतात. ऐकायला पाचाची वाढ तीनापेक्षा मोठी वाटते, पण खिसा उलट सांगतो. म्हणूनच युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागले असे विचारतात. तसा प्रश्न आपणही विचारून पाहावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जाहिरातीत एक आकडा नको, तीन हवेत : शहरातला, महामार्गावरचा आणि एसी लावून भर उन्हाळ्यातला. कंपन्या ते आपण होऊन छापणार नाहीत, सरकारने छापायला लावावेत. तोवर आपण आपले काम करावे. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना आकड्यांचे वावडे असते असा समज आहे. हा भागाकार पाचवीतला आहे. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात रोज कितीतरी गाड्या उभ्या राहतात, त्यात आमच्या प्राध्यापकांच्याही आहेत. अर्थशास्त्र मंडळाने एक वही ठेवावी. ज्याने त्याने आपल्या गाडीचा, महिन्याचा आणि रस्त्याचा खरा आकडा त्यात लिहावा, आणि पुढील वार्षिकांकात तो तक्ता छापावा. माझ्या वहीतील चार आकडे मी वर दिलेच आहेत. त्या वहीत पहिली नोंद त्यांची करायला मी तयार आहे.

मित्राच्या वडिलांची गाडी अजून चालू आहे. परवा त्यांच्याकडे कोणी शेजारी आले होते, गाडी घेण्याचा विचार करीत होते. “ॲव्हरेज किती देते हो?” त्यांनी विचारले. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पंधरा. उन्हाळ्यात तेराच धरा.” शेजाऱ्यांनी खिशातून कागद काढला आणि आकडा लिहून घेतला.