हरलेला डाव घरी येऊ द्या

सुटी लागली की मुलांना कुठल्या वर्गाला घालावे, ही चर्चा घरोघरी सुरू होते. आता त्यात बुद्धिबळही आले आहे. पालकांची पहिली शंका दीनची असते. या खेळाबाबत उलेमांत मतभेद आहेत. हनफी फिकहमध्ये तो नापसंत मानला आहे. इमाम शाफई यांनी अटींसह नरमाई दाखवली आहे. पण पैज लावायला आणि नमाज चुकवायला कुणीच मुभा दिलेली नाही. आपल्या आलिमांना विचारून ठरवावे, आणि मूल पटावर बसलेच तर त्याची तरबियत नीट व्हावी, एवढेच आमचे म्हणणे.

कोल्हापूरकरांना तालीम समजावून सांगायला नको. वस्ताद नव्या पोराला लगेच मोठ्या जोडीशी भिडवत नाही. आधी जोर-बैठका काढून घेतो. पटावरही तसेच. क्यूबाचे जगज्जेते कॅपाब्लांका सांगत, की डावाचा शेवट आधी शिका. एक राजा, एक प्यादे आणि समोर एकटा राजा एवढेच मांडा. आपला राजा प्याद्याच्या पुढे चालला, तर प्यादे बहुधा वजीर होते. मागे रेंगाळला, तर डाव बरोबरीत सुटतो. दहा ओपनिंग पाठ करण्यापेक्षा एवढे समजणे मोलाचे.

खरी कसोटी हरल्यावर असते. मूल स्पर्धेहून आले की आपण दारातच विचारतो, ‘जिंकलास का?’ दोन-तीनदा असे झाले की मूल चाली लिहिलेला कागद लपवू लागते. स्पर्धेच्या दिवशी त्याचे पोट दुखू लागते. मग आपणच म्हणतो, ‘याला जमत नाही,’ आणि वर्ग बंद करतो.

त्याऐवजी म्हणावे, ‘बेटा, तुझा डाव दाखव.’ अम्मी-अब्बांना खेळ येत नसला तरी चालेल. कागद पाहून मुलाने चाली मांडाव्यात आणि आपण मध्येच विचारावे, ‘इथे समोरच्याच्या मनात काय होते?’ मोबाइल लगेच उघडू नये. तो चूक दाखवतो. ती का झाली, हे मुलालाच शोधावे लागते. एका डावातली एकच चूक वहीत लिहिली तरी पुरे.

मुलींचा वर्ग दहावीच्या नावाखाली आधी सुटतो. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्या घडवल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे सांगलीच्याच. ऋचा पुजारी तर आपल्या कोल्हापूरची. भोपाळचे मोहम्मद रफीक खान सुतारकाम करत. १९८० च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी आपल्या पटावर रौप्यपदक मिळवले. पैसा कमी होता म्हणून त्यांचा खेळ अडला नाही.

प्रत्येक मूल तिथवर जाणार नाही, जायलाही नको. पण हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणे, हात लावलेलेच मोहरे हलवणे आणि स्वतःची चूक स्वतः सांगणे, हा अदब आणि सबर आयुष्यभर उपयोगी पडतो. या महिन्यात एक हरलेला डाव घरी मांडून पाहा, आणि तो संपेपर्यंत रागावू नका.